जाग्या पेशंटशी बोलताना भीड वाटते, विभाग बदललेल्या नर्सने काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा वर्षं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काढली, आता बायकांच्या मेडिसिन वॉर्डात बदली झाली. हाताला काम येतं, पण खाटेवरून जागी बाई बघत असली की तोंडाला कुलूप लागतं. बरोबरच्या सिस्टर गप्पा मारत ट्रॉली संपवतात आणि तुम्ही विगो (हाताच्या शिरेत लावलेली सलाइनची सुई) फ्लश करून मुकाट निघून येता. पेशंटांना वाटतं, ही सिस्टर आखडू आहे. हे कसं घालवायचं?

'आखडू' वाचलं आणि माझं पहिलं वर्ष आठवलं. मला तर पेशंटांनी आपापसात नावच ठेवलं होतं, 'मुकी सिस्टर'. आमच्या वॉर्डातल्या मावशींनी ते मला चहा पिताना सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका, आधीच्या सिस्टरला 'रेडिओ' म्हणायचे."

मी मिरजेत काम करते. नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा झाल्यावर नऊ वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये होते. पाठीच्या दुखण्याने तासन्‌तास स्क्रब होऊन उभं राहणं जमेना, म्हणून मीच अर्ज करून डायलिसिसला गेले. म्हणजे माझ्यावर कुणी बदली लादली नव्हती, तरी पहिले दोन महिने घरी येऊन रडत होते.

ओटीत पेशंट आत येतो तेव्हा त्याच्याशी भूलतज्ज्ञ बोलतात. दहा मिनिटांत तो झोपतो. स्पायनलचा, म्हणजे पाठीत भूल दिलेला पेशंट जागा असतो, पण तोही हिरव्या पडद्यापलीकडे. माझ्या तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. नऊ वर्षांत मी हजारो माणसांच्या पोटाच्या आतलं पाहिलं असेल, पण रस्त्यात भेटला तर त्यातला एकही मला ओळखणार नाही. आणि डायलिसिसला? तोच माणूस आठवड्यातून दोनदा-तीनदा येतो, चार चार तास समोर पडून असतो, वर्षानुवर्षं. हात त्याचा, सुई माझी, आणि तो टक लावून बघतोय.

सुईचंही सांगते, कारण भीतीचं मूळ तिथंच होतं. तुम्ही वॉर्डात लावता तो गुलाबी विगो २० नंबरचा, निळा २२ चा. आमच्या फिस्टुल्याच्या (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडून केलेल्या जागेच्या) सुया साधारण १६ नंबरच्या, आणि नंबर जितका लहान तितकी सुई जाड. अशा दोन टोचायच्या, एकीतून रक्त मशीनकडे जातं, दुसरीतून परत येतं, मिनिटाला अडीचशे-तीनशे मिली. ओटीत हात थरथरला तर सर्जन ओरडतात, ते सोसवतं. इथे ज्याला दुखतं तोच समोरून बघत असतो.

मग मी काय केलं? लपले. पेशंट मशीनवर घेऊन झाले की मी आरओ प्लांटच्या, म्हणजे मशीनसाठी पाणी शुद्ध करायच्या खोलीत जायचे. एका पेशंटच्या चार तासांना साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं, त्यामुळे त्या खोलीत नोंदी बऱ्याच. मी त्या इतक्या नेटक्या लिहायचे की इन्चार्ज सिस्टरांनी आधी कौतुक केलं, आणि आठवड्याने विचारलं, "तुला पाण्याशी लग्न करायचंय का?" तुमच्या वॉर्डात आरओची खोली नसेल, पण काउंटर असेल, केस पेपरांचा गठ्ठा असेल, औषधांचं इंडेंट (मागणीपत्र) असेल. तुमची लपायची जागा कुठली ते आधी बघून ठेवा. मला तरी ती बंद केल्याशिवाय पुढचं काही जमलं नाही.

दुसऱ्या महिन्यात जे घडलं ते सांगायला अजून लाज वाटते. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका आमच्याकडे यायचे, फिस्टुला सात वर्षं जुना. मी गेले, पट्टी बांधली, स्पिरिट लावलं, काही न बोलता सुई घातली. ते काहीतरी सांगत होते, "बाई, तिथं नको, जरा वर..." मी ऐकलं, पण थांबून उत्तर द्यायला जीभ उचलेना. सुई शिरेच्या मागच्या भिंतीतून आरपार गेली. बघता बघता लिंबाएवढी गाठ आली. सुई काढून दाब दिला, बर्फ लावला, सीनियर सिस्टरांनी दुसऱ्या जागी घेतलं. रक्त गोठू न देणारं हेपारिन अजून दिलं नव्हतं म्हणून तेवढ्यावर निभावलं. काका ओरडले नाहीत. तिकीट फाडून द्यावं तशा आवाजात म्हणाले, "हात माझा आहे बाई. विचारून तरी घ्या."

त्या रात्री मला कळलं की माझी भीड म्हणजे नुसता स्वभावदोष नव्हता, ती पेशंटला इजा करत होती. 'मी लाजाळू आहे' असं म्हणत मी एक कामाची माहिती कानाआड केली होती. तुम्ही गप्पा मारत नाही याचं दुःख करू नका. गप्पा नाही मारल्या तर कुणाचं काही बिघडत नाही. पण पेशंटकडून जे कळायला हवं ते कळतंय का, आणि आपण काय करणार ते त्याला कळतंय का, एवढं मात्र बघा. मला हे दोन धागे धरल्यावर वाट सापडली. बाकीचं हसणं-खिदळणं ज्यांना जमतं त्यांना जमू दे.

एक गंमत नंतर लक्षात आली. ओटीत मी मुकी नव्हतेच. पोट बंद करायच्या आधी मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे), सुया, हत्यारं मोठ्याने मोजायचे. "मॉप दहा, बरोबर." सर्जनसमोर, भूलतज्ज्ञांसमोर, खणखणीत आवाजात. कारण तिथं काय बोलायचं ते ठरलेलं होतं. मग डायलिसिसलाही मी काउंट सुरू केला. प्रत्येक पायरीला एक ठरलेलं वाक्य. "काका, हात बघते." "आता पट्टी बांधते, घट्ट वाटेल." "कुठं टोचू, तुम्ही दाखवा." "आता टोचतेय, श्वास सोडा." "झालं, एक आत आहे." पहिले पंधरा दिवस पोपटासारखं बोलले. कुणाला ते पाठ केलेलं वाटलं नाही. आणि वाटलं असेल तरी सुई कधी येणार हे आधी कळल्याचं सुख मोठं असतं.

तुम्हाला तर पाठांतराचीही गरज नाही. एनआयसीयूत बाळाच्या टाचेतून रक्त काढताना तुम्ही गप्प असायचा? "झालं गं झालं सोनू, एकच थेंब," असं काहीतरी पुटपुटत असणारच. शिवाय चार दिवसांच्या बाळंतिणीला पदर बाजूला करून बाळ छातीशी उघडं कसं धरायचं, दूध हाताने कसं काढायचं, हे कुणी शिकवलं? मेडिसिन वॉर्डात त्याच्याहून नाजूक काय असणार आहे? फक्त तिथं मधे बाळ होतं. दोघींचीही नजर बाळावर असायची, म्हणून सोपं गेलं. इथं मधे काहीतरी ठेवा. बीपीचा पट्टा, थर्मामीटर, गोळ्यांची वाटी. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्यायला जाल तेव्हाच बोला, रिकाम्या हाताने जाऊन उभ्या राहू नका. हातात काम असलं की नजर कुठं ठेवायची हा प्रश्न सुटतो.

नाव सांगणं हे इतकं साधं आहे की आपण ते करतच नाही. केट ग्रेंजर नावाची एक ब्रिटिश डॉक्टर होती, तिला स्वतःला कॅन्सर झाला. २०१३ मध्ये ती दवाखान्यात दाखल असताना तिच्या लक्षात आलं की उपचार करायला येणारे कितीतरी जण आपलं नावच सांगत नाहीत. त्यावरून तिने नाव सांगण्याची मोहीमच काढली. २०१६ मध्ये ती गेली. आपल्याकडे 'सिस्टर' म्हटलं की भागतं, त्यामुळे नाव सांगायला उगाच कसंतरी वाटतं. मी सांगायला लागले तेव्हा एक आजी म्हणाल्या, "माझ्या नणंदेचं नाव पण तेच, पण तू बरी दिसतेस." पुढचा अर्धा तास नणंदपुराण. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

हाक काय मारायची यातही माझी एकदा फजिती झाली. पन्नाशीच्या एका बाईंना मी आदराने "मावशी" म्हटलं. दवाखान्यात मावशी म्हणजे कोण, ते तुम्हाला माहीतच आहे. त्या फणकारल्या, "मी काय फरशी पुसायला आलेय?" तेव्हापासून मी आधी विचारते, "तुम्हाला काय म्हणू?" कुणी काकू सांगतं, कुणी वहिनी, आणि एक निवृत्त शिक्षिका होत्या त्यांनी सांगितलं, "बाई म्हणा." वर्गात बसल्यासारखं वाटायचं, पण त्यांचं बीपी माझ्याकडे नीट यायचं.

आता सगळ्यात उपयोगी गोष्ट. "कसं वाटतंय?" हा प्रश्न टाकून द्या. त्याला "बरं आहे" एवढंच उत्तर येतं आणि मग दोघीही भिंतीकडे बघत बसता. आमच्या इन्चार्ज सिस्टर आल्या आल्या विचारायच्या, "रात्री उशाला किती घेतल्या?" मला वाटायचं, काय घरगुती चौकशी करतात. पण अंगात पाणी साठलं की आडवं पडल्यावर दम लागतो, मग माणूस एका उशीच्या दोन करतो, दोनाच्या तीन. पाणी किती प्यायलात विचारलं तर सगळे खोटं बोलतात. काट्यावर चार किलो वाढलेले दिसतात आणि माणूस म्हणतो, "घोटभर प्यायलो." पण पाण्याचा हिशेब लपवणारा उशांचा हिशेब लपवत नाही. तसंच, "चप्पल घट्ट होते का?"

तुमच्या वॉर्डासाठीही असे प्रश्न जमवता येतील. दम्याच्या बाईला, "वेणी घालताना धाप लागते का?" शुगरच्या बाईला, "पायात काटा रुतला तर कळतो का? चप्पल पायातून निसटली तरी समजत नाही असं होतं का?" रक्त कमी असलेल्या पोरीला हळूच, "कच्चे तांदूळ, खडू, भाजकी माती खावीशी वाटते का?" हा शेवटचा विचारून बघा. बऱ्याचजणी दचकतात, मग हसतात, मग सांगतात. वर्षानुवर्षं सासूपासून लपवलेलं असतं. तुमची भीड राहते बाजूला, कारण तोवर तिची भीड चेपलेली असते. उत्तर केस पेपरवर लिहा, राऊंडला डॉक्टरांना सांगा. आपण विचारलेल्या प्रश्नावरून औषध बदललेलं एकदा बघितलंत की दुसऱ्या दिवशी खाटेजवळ जायला पाय जड होत नाहीत.

भाषेचंही एक. मिरजेला अथणी, चिकोडीकडचे पेशंट भरपूर, अर्ध्यांना मराठी जेमतेम. मी कन्नडचे दोन शब्द शिकले, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का. पहिल्याच आजींना विचारलं आणि त्यांनी खुशीत पाच मिनिटं अखंड कन्नड ऐकवलं. मला त्यातलं "अन्न" तेवढं कळलं. मी मान हलवत राहिले, त्यांनाही कळलं की मला कळत नाहीये, आणि आम्ही दोघी हसलो. लाजाळू माणसाला परकी भाषा सोयीची पडते. तिथं चुकणं गृहीतच असतं.

शरीराची भीड मात्र वेगळी, आणि तिचं काय करायचं ते कुणी शिकवत नाही. ज्यांचा फिस्टुला झालेला नसतो त्यांना कधी कधी जांघेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) असतो. पंचविशीतला मुलगा, जांघेतलं ड्रेसिंग, आणि मी. पहिल्यांदा मी इतकी घाई केली की टेप नीट चिकटली नाही आणि परत करावं लागलं, म्हणजे दोघांनाही शिक्षा दुप्पट. नंतर मी एक पद्धत धरली. पडदा आधी, बोलणं नंतर. मग, "जांघेतलं ड्रेसिंग बदलायचंय, पाच मिनिटं लागतील, चादर तुम्ही धरा, मी सांगेन तेवढीच वर घ्या." चादरीचं टोक त्याच्या हातात दिलं की त्याची अर्धी लाज जाते, आणि माझे दोन्ही हात मोकळे राहतात. आवाज बीपी सांगतानाचाच ठेवायचा. कुजबुजलं की शेजारची खाट कान टवकारते.

बायकांच्या वॉर्डात "अंगावरून जातं का" हे तुम्हाला रोज विचारावं लागेल. लघवी खोकताना सुटते का, हेही. गोल गोल शब्द वापरू नका. पेशंट बायका स्वतः जे शब्द वापरतात तेच वापरा, फक्त नातेवाईकांना आधी बाहेर पाठवा. सुनेसमोर कुठलीही सासू खरं सांगत नाही.

काय जमलं नाही, तेही सांगते. आरशासमोर सराव करून बघितला, स्वतःचंच हसू आलं. 'रेडिओ' सिस्टरसारखं विनोद करून बघितलं. कंडक्टर काकांना म्हटलं, "काय काका, आज कुठली गाडी?" ते शांतपणे म्हणाले, "हीच. सांगली-मिरज-वर." मी गप्प. उसनं सोंग पेशंटला लगेच कळतं.

पोस्ट बेसिक (नर्सिंगची पुढची पदवी) करताना एक वाचलं होतं, तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन नर्सिंग अभ्यासक बाईंनी १९८४ मध्ये नर्सच्या पाच पायऱ्या मांडल्या, नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंत. त्यात त्यांनी हेही म्हटलंय की अनुभवी नर्सलाही अगदी अनोळखी प्रकारच्या पेशंटांत नेऊन टाकलं तर ती पुन्हा नवशिकीच्या पायरीवर येऊ शकते. नऊ वर्षांची सीनियर म्हणून मला जे कुणाला विचारायला लाज वाटत होती ते सगळं त्या एका वाक्यात होतं. मला वाटतं, तुमचीही निम्मी लाज पेशंटची नाही. ती 'एवढी वर्षं नोकरी करून हे येत नाही' याची आहे. कालच पास झालेली पोरगी बिनधास्त विचारते, आपल्याला ते पद आडवं येतं.

म्हणून मी पेशंटलाच विचारायला लागले. डायलिसिसचा जुना पेशंट मशीनचा अलार्म ऐकून सांगतो, "सिस्टर, नळी दबलीय." कंडक्टर काकांनी माझं बोट धरून फिस्टुल्यावर ठेवलं आणि म्हणाले, "हे बघा, शेजारच्या घरात पिठाची गिरणी चालल्यासारखं लागतंय? जिथं जोरात लागतं तिथून लांब, इथं टोचा." पुस्तकात त्याला थ्रिल म्हणतात. मी आजही नव्या मुलींना गिरणीच सांगते.

किती दिवस लागले विचाराल, तर साधारण चार महिने. एका सकाळी ओव्हर (आधीच्या पाळीकडून पेशंटांचा ताबा) घेताना लक्षात आलं की आपण काल सहा पेशंट मशीनवर घेतले आणि बोलायचं टेन्शन आलंच नव्हतं. तुमच्याकडे शक्य असेल तर ओव्हर काउंटरवर न घेता खाटेखाटेपाशी घ्या. रात्रपाळीची सिस्टर तुमची ओळख करून देते, "या आजच्या सिस्टर," आणि पहिलं वाक्य तुमच्या वाट्याला येतच नाही. आणि इन्चार्जना पहिल्या महिन्यात रोज त्याच आठ-दहा खाटा मागा. रोज नवे चेहरे असले की भीड रोज नव्याने सुरू होते.

एका ठिकाणी अजून माझी जीभ अडखळते. आमच्याकडे खाटा ठरलेल्या, वार ठरलेले, त्यामुळे शेजारी शेजारी वर्षभर पडलेली माणसं एकमेकांची होतात. मग एखाद्या मंगळवारी एक खाट रिकामी असते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा काकांनी विचारलं, "गुरुजी आले नाहीत?" मी म्हटलं, "त्यांची वेळ बदलली." काकांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि चादर तोंडावर घेतली. चार तास एक शब्द नाही. कुठून तरी त्यांना कळलेलं होतं, मी काय म्हणते ते बघायचं होतं.

आता मी खोटं सांगत नाही. गेलेल्याच्या घरच्यांनी सांगू नका म्हटलं नसेल तर सांगते. मशीन चालू झाल्यावर, बीपी स्थिर आहे बघून, स्टूल ओढून बसते आणि सांगते, "रविवारी गेले." पुढं काय बोलायचं ते मला अजून येत नाही, म्हणून बोलत नाही. बीपीचा पट्टा दंडाला असतोच, बटण दाबते. मागच्या वेळी पट्टा फुगत असताना काकाच म्हणाले, "तुम्ही उशांचं विचारलं नाही आज." मी म्हटलं, "किती?"

"दोनच. लिहून घ्या."